विहिरीतले थर आणि पुस्तकातले शब्द

ॲमिग्डलॉइड, सॅप्रोलाइट, स्लिकनसाइड, गिलगाय, बोल. भूशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकात असे शब्द एकापाठोपाठ एक येऊ लागले, की विद्यार्थी एक तर पुस्तक मिटतात, नाही तर पाठांतराला लागतात. शिक्षकही पुष्कळदा 'हा पारिभाषिक शब्द आहे, आहे तसा लक्षात ठेवा' एवढे सांगून पुढे सरकतात. आम्हांला यात मोठे नुकसान दिसते. थरांना, पृष्ठभागांना आणि घडणीच्या तऱ्हांना दिलेली ही नावे कुणी आकाशातून आणलेली नाहीत. त्यांतली बरीचशी कुणा खाणकामगाराच्या, शेतकऱ्याच्या किंवा गवंड्याच्या तोंडी असलेल्या साध्या शब्दांवरून आली आहेत. त्याच वस्तूंसाठी आपल्याकडे विहिरी खोदणाऱ्यांपाशीही शब्द आहेत. दोन्हीकडचे शब्द शेजारी ठेवून पाहिले, तर खडक नीट दिसू लागतो. आणि एखादा शब्द आपल्याला कुठे चकवतो, तेही ध्यानात येते. पाण्याच्या बाबतीत हा चकवा फार महाग पडतो.

हे पाहण्यासाठी आपण सांगोला तालुक्यातली विहीर घेऊ. सोलापूर जिल्ह्याच्या नैऋत्येकडचा हा तालुका म्हणजे माण नदीचे खोरे. पाऊस वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. डाळिंबाने हा भाग नावारूपाला आणला. पण २०१२-१३ किंवा २०१८-१९ सारख्या दुष्काळी वर्षांत टँकरने पाणी आणून बागा जगवण्याची वेळ येथल्या शेतकऱ्यांवर आली. त्यामुळे 'खाली कोणता दगड आहे' हा प्रश्न येथे परीक्षेपुरता नाही. कामाच्या निमित्ताने या भागातल्या पुष्कळ विहिरींच्या काठावर आम्ही उभे राहिलो आहोत, काहींत उतरलोही आहोत. बांधून न काढलेली विहीर म्हणजे जमिनीचा सरळ उभा छेदच. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेलाही हे साधन फुकट मिळते.

प्रथम 'थर' हाच शब्द घेऊ. इंग्रजीत त्याला स्ट्रॅटम म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पसरलेले, अंथरलेले'. रोमन लोक दगड अंथरून रस्ता करीत, म्हणून रस्त्यालाही त्याच धातूवरून नाव पडले आणि त्यापासून इंग्रजी 'स्ट्रीट' आला. संस्कृतात 'स्तृ' म्हणजे पसरणे. त्यापासून स्तर, आणि स्तरापासून आपला थर. म्हणजे थर, स्ट्रॅटम आणि स्ट्रीट ही एकाच कुळातली भावंडे आहेत. शब्दातच घडणीची कल्पनाही आलेली आहे: एकावर एक अंथरत गेले, म्हणून खालचे आधीचे, वरचे नंतरचे. विहिरीत खाली उतरणे म्हणजे काळात मागे जाणे. मात्र हा नियम अंथरलेल्या थरांचा आहे. जागच्या जागी कुजून झालेल्या थरांना तो लागू नाही. विहिरीत ही दोन्ही प्रकारची मंडळी भेटतात, हे लक्षात ठेवून आपण वरून सुरुवात करू.

वरती माती. माळावर ती वीतभर मुरमाड असेल, ओढ्यानदीच्या बाजूला खोल काळी. पाठ्यपुस्तकात आपल्या काळ्या मातीला 'रेगूर' म्हटलेले असते. मुले तो अवघड शब्द म्हणून पाठ करतात, पण मुळात तो तेलुगू शेतकऱ्याचा 'रेगडि'. इंग्रज अधिकाऱ्यांनी तो उचलला, इंग्रजी पुस्तकांत घातला आणि तेथून तो मराठी पुस्तकात शास्त्रीय शब्द म्हणून परत आला. घरी 'काळी' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत शेजारच्या राज्यातला शब्द परदेशी वेषात भेटतो, म्हणायचे.

या मातीचे आजचे शास्त्रीय नाव व्हर्टिसॉल. लॅटिन 'व्हर्टेरे' म्हणजे उलथणे, फिरवणे. उन्हाळ्यात काळीला भेगा पडतात, वरची भुगा झालेली माती त्यांत पडते, पावसाळ्यात खालचा चिकणमातीचा भाग फुगून वर दाटतो. अशी ही जमीन स्वतःच स्वतःला हळूहळू नांगरीत असते, म्हणून हे नाव. मंगळवेढ्याकडच्या खोल काळीत चार-पाच फुटांचा खड्डा कधी घेतलात, तर एक गोष्ट अवश्य पाहा. मातीचा मोठा चिपाड तोडला, की त्याची एखादी तिरकी बाजू हाताने घोटल्यासारखी चकाकते आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे असतात. याला स्लिकनसाइड म्हणतात. इंग्लंडमधल्या खाणकामगारांच्या बोलीत 'स्लिकन' म्हणजे गुळगुळीत, तकतकीत. खाणीत खडकाचे दोन भाग एकमेकांवर घसरले, की मधला पृष्ठभाग असाच घोटला जातो; त्याचे नाव पुढे मृदाशास्त्राने मातीसाठी घेतले. ओल्या मातीचे ढेपसे फुगतात, त्यांना बाजूला सरायला जागा नसते, म्हणून ते एकमेकांवर तिरके घसरतात. एका चकाकत्या बाजूवरून दरवर्षीच्या या धक्काबुक्कीचा पत्ता लागतो. काळीवर बांधलेल्या घरांच्या भिंतींना तडे का जातात, हे यानंतर मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. अशाच मातीची सपाटी ऑस्ट्रेलियात लहान लहान उंचवटे आणि खळगे यांनी भरलेली असते. तिला गिलगाय म्हणतात. तेथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत पाण्याच्या लहान डबक्याचे ते नाव. आपल्याकडे शतकानुशतकांच्या नांगरटीने असे उंचवटे फारसे उरलेले नाहीत.

माती संपता संपता पांढरे खडे लागतात. हा चुनखडीचा थर. इंग्रजीत याला चक्क 'कंकर' म्हणतात, हिंदीतून घेतलेला शब्द. पावसाचे पाणी मातीतला चुना विरघळवून खाली नेते. पण पाऊस तोकडा असल्याने चुना फार खोल जाण्याआधीच पाणी उडून जाते आणि तो तेथेच साखळतो. कोकणात हे खडे मिळत नाहीत, कारण तेथे चुना पार धुऊन जातो. खड्यावर लिंबाचा रस पिळला तर बारीक फेस येतो, एवढा प्रयोग वर्गात सहज होतो.

त्याखाली मुरूम. येथपासून आपण अंथरलेल्या नव्हे, तर जागीच कुजलेल्या थरात आहोत. १८९५ मध्ये बेकर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने जागच्या जागी कुजलेल्या खडकासाठी सॅप्रोलाइट हा शब्द तयार केला. ग्रीकमध्ये 'साप्रोस' म्हणजे सडलेला, 'लिथोस' म्हणजे दगड. पहार मारली की भुगा होतो, पण मूळ खडकाच्या सांध्यांच्या रेघा अजून दिसतात, असा आपल्या मुरमाचा खालचा भाग हा याचा चांगला नमुना आहे. बांधकाम खात्याच्या इंग्रजी अंदाजपत्रकात मात्र 'मुरूम' हा शब्द तसाच लिहिलेला असतो आणि कुणाचे काही अडत नाही. मुरमात कधी कधी गोल धोंडे अडकलेले दिसतात. त्यांच्या भोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी आवरणे असतात. हे धोंडे पाण्याने वाहून गोल झाले, असे मुले हमखास सांगतात. तसे नाही. खडकाला आडव्याउभ्या चिरा असतात, पाणी चिरांतून शिरते. चौकोनी तुकड्याच्या कोपऱ्यावर ते तीन बाजूंनी हल्ला करते, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट बाजूवर एकाच. म्हणून कोपरे आधी जातात आणि चौकोनाचा गोल होतो. वर्गात बटाट्याचा चौकोनी तुकडा रंगाच्या पाण्यात ठेवून, नंतर चिरून दाखवावा.

आता खरा खडक. विहीर खोदणारे त्याचे मुख्यतः दोन प्रकार मानतात: काळा पाषाण आणि मांजऱ्या. पुस्तकात दोन्ही बेसाल्टच, एकाच लाव्हाचे. या सगळ्या प्रदेशाला डेक्कन ट्रॅप म्हणतात. 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे; स्वीडिश भाषेत 'ट्रापा' म्हणजे जिना, पायऱ्या. सह्याद्रीत किंवा सांगोल्याच्या पश्चिमेला महादेव डोंगररांगेच्या फाट्यांवर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नजर टाका, डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. लाव्हाच्या प्रत्येक प्रवाहाचा कठीण भाग उभा राहतो आणि मऊ भाग झिजून सपाट होतो, म्हणून या पायऱ्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हे प्रवाह एकावर एक पसरले; आजही त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे.

या नावात एक शहाणपण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मोठा वाद चालू होता. जर्मनीतल्या फ्रायबर्गचे नामांकित प्राध्यापक वेर्नर सांगत की बेसाल्ट पाण्यात साचून झाला. दुसरा पक्ष म्हणे, तो वितळलेल्या रसापासून झाला. 'पायऱ्यांचा दगड' हे नाव दोघांनाही वापरता येत होते, कारण त्यात फक्त दिसते ते होते. वाद मिटला, वेर्नर हरले, नाव राहिले. याउलट ज्या नावात सिद्धान्त भरलेला असतो, ते नाव सिद्धान्त खोटा ठरल्यावर अवघडून बसते. 'ऑक्सिजन' म्हणजे आम्ल तयार करणारा; आम्लांना आम्लपणा याच वायूमुळे येतो, असे लॅव्हॉझिए मानत होते. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही हे कळूनही दोनशे वर्षे झाली. कोकणातल्या जांभ्याचे 'लॅटेराइट' हे नाव पहिल्या प्रकारचे. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. १८०७ च्या आपल्या प्रवासवृत्तात बुकॅनन यांनी मलबारमधल्या या दगडाला ते दिले आणि तेथले लोक त्याला 'वीटदगड' म्हणतात, हेही नोंदवले. म्हणजे जगभर चालणारा हा शास्त्रीय शब्द मलबारी गवंड्याच्या शब्दाचे भाषांतर आहे!

मांजऱ्या हा काळ्या पाषाणाहून फिकट, करडा किंवा जांभळट दिसतो आणि अंगावर पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला असतो. विहिरीच्या काठावर यारीने काढून टाकलेल्या डबराच्या ढिगात तो चटकन ओळखू येतो. इंग्रजी नाव ॲमिग्डलॉइडल बेसाल्ट. ग्रीकमध्ये 'अमिग्डाले' म्हणजे बदाम. लाव्हा वर येताना त्यातले वायू बुडबुडे होऊन सुटतात आणि प्रवाहाच्या माथ्याशी अडकतात. लाव्हा थिजला की बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात. त्यांना व्हेसिकल म्हणतात. लॅटिन अर्थ 'लहान पिशवी, फुगा'. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्यातली खनिजे या पोकळ्यांत साचतात. पोकळी ओढल्यासारखी लांबट असेल, तर आत तयार झालेली गोळी बदामासारखी दिसते. भोकाला एक नाव आणि भरलेल्या भोकाला दुसरे, हा फरक विसरू नये. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

या बदामांत बहुधा झिओलाइट गटातली खनिजे असतात. क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असे एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले. म्हणून ग्रीकमधून नाव दिले 'उकळणारा दगड'. त्याच्या स्फटिकांच्या जाळीत पाणी कोंडलेले असते आणि तापवल्यावर ते बाहेर पडते. हा प्रयोग शाळेत करता येतो. मांजऱ्याच्या तुकड्यातले पांढरे कण टोच्याने काढा, पूड करा, दिवसभर कडक उन्हात वाळवा. कोरड्या परीक्षानळीत ती घालून, नळी किंचित आडवी धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवा. नळीच्या थंड भागात पाण्याचे बारीक थेंब जमतात. दुसऱ्या नळीत तशीच वाळवलेली काळ्या पाषाणाची पूड घ्या आणि तुलना करा. दगडातून पाणी निघाले म्हणून मुले खूष होतात. पण येथेच त्यांना थांबवून विचारायचे: मग मांजऱ्या लागला, की विहिरीला पाणी लागणार का?

अनेकांचे उत्तर 'हो' येते. त्यामागे दोन समजुती असतात. एक, झिओलाइटमधले पाणी. ते स्फटिकात बांधलेले असते आणि विहिरीत कधीच येत नाही. दुसरी अधिक चिवट: मांजऱ्या भोकाभोकांचा, म्हणजे सच्छिद्र, म्हणजे पाणी देणारा. येथे शब्दच चकवतो. इंग्रजी 'पोर' हा ग्रीक 'पोरोस'वरून आला आणि त्याचा अर्थ होता वाट, मार्ग. बुडबुड्याची पोकळी ही वाट नव्हे. ती दार नसलेली खोली. त्यातही मांजऱ्यात ती खोली बदामाने भरलेली. ताज्या, न कुजलेल्या मांजऱ्याला चिराही कमी असतात, त्यामुळे त्यातून पाणी जवळजवळ हलत नाही. उलट काळ्या पाषाणात एकही भोक दिसत नाही, पण तो ठिसूळपणे तडकलेला असला, तर त्याच्या चिरांतून पाणी वाहते. शेतकरी म्हणतो, 'पाण्याची शीर लागली'. वाळूच्या प्रदेशात हा शब्द चुकीचा ठरेल, कारण तेथे पाणी सगळीकडे कणाकणांमध्ये असते. आपल्या बेसाल्टात मात्र तो बराचसा खरा आहे. पाठ्यपुस्तकात सच्छिद्रता आणि पारगम्यता यांच्या व्याख्या ओळीने दिलेल्या असतात आणि मुले त्या अदलाबदल करून लिहितात. विहिरीच्या काठावर त्यांतला फरक काही लाख रुपयांचा असतो. मांजऱ्याचे पाणी मिळते ते तो चांगला कुजला असेल तेव्हा. बदाम विरघळून, सुटून गेलेले, पोकळ्या एकमेकींना मिळालेल्या आणि दगड हाताने भुरभुरणारा, असा तो हवा.

दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी रंगाचा, कधी बोटभर तर कधी दोन-तीन मीटर जाडीचा मातकट थर लागतो. खोदणारे त्याला गेरू किंवा लाल माती म्हणतात. इंग्रजीत रेड बोल. (मराठी 'बोल'शी याचे नाते नाही.) ग्रीक 'बोलोस' म्हणजे ढेकूळ. एवढे भारदस्त नाव, आणि अर्थ ढेकूळ! पण या ढेकळातली गोष्ट मोठी आहे. एक प्रवाह थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला. तेवढ्यात उघड्या पडलेल्या खडकाची ऊन-पावसाने माती झाली, लोह गंजून लाल झाले आणि मग वरून नव्या लाव्हाने तिला झाकून भाजले. काही ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेचाही तिच्यात वाटा आहे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे हा थर ज्वालामुखीच्या विश्रांतीच्या काळाची नोंद आहे.

पाण्याच्या दृष्टीने ही चिकणमाती पाणी धरते, पण सोडत नाही. त्यामुळे वरच्या खडकाच्या चिरांतून उतरलेले पाणी तिच्यावर अडते आणि विहिरीच्या भिंतीला नेमके लाल थराच्या माथ्याशी पाझर दिसतात. जुनी विहीर कित्येकदा याच पाण्यावर वर्षानुवर्षे चालते. मग शेजारी बोअर घेतली जाते. ती लाल थर भेदून खाली जाते. बोअरवाले तेथे घाबरतात, कारण ओली लाल माती फुगून भोकात येते आणि ते बुजवू पाहते. त्या टप्प्यात नीट बंदिस्त नळी घातली नाही, तर आणखी एक गोष्ट घडते आणि ती वरून दिसत नाही: वर अडलेल्या पाण्याला खाली वाट मिळते. खालचा खडक चिरांनी मोकळा असेल, तर पाणी तिकडे निघून जाते. 'बोअर घेतल्यापासून आमची विहीर आटली' या तक्रारीमागे उपसा तर असतोच, पण कधी कधी हे फुटलेले बूडही असते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने साठ मीटरपेक्षा जास्त खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हणून वेगळे काढून तिच्यावर बंधन घातले. त्याहून कितीतरी खोल बोअर आपण सर्रास पाहतो. खोल जावे तसा वरच्या भाराने चिरा मिटत जातात आणि पाण्याची शक्यता बहुधा कमी होते. तरी पैसे खोलीच्या फुटावर मोजले जातात.

तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून बोअरची जागा ठरवणारे पाणाडे अजून हिंडतात. त्यांच्याविषयी आम्हांला काही आदर नाही. पण त्यांना आणि विहीर खोदणाऱ्या वडार समाजातल्या जुन्या माणसांना एकाच माळेत ओवू नये. मांजऱ्या, पाषाण, गेरू हे शब्द पहारीच्या आवाजावरून, हाताला लागण्यावरून आणि सुरुंगानंतर पडणाऱ्या तुकड्यांच्या आकारावरून घडलेले आहेत. ते निरीक्षण आहे. १९७२ पासून काम करणाऱ्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांनाही खेड्यात गेल्यावर याच शब्दांत बोलावे लागते.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक काम सुचवतो. गावातली कठडा असलेली, पण आतून न बांधलेली विहीर निवडावी. मालक आणि एखादा खोदणारा सोबत असावा. मुलांनी कठड्यावरून वाकू नये. दोरीला दर मीटरला रंगीत चिंधी बांधून ती आत सोडावी आणि थर कुठे बदलतो ते वहीत लिहावे. शेजारी तीन रकाने: खोदणाऱ्याचा शब्द, पुस्तकातला शब्द, आणि ढिगाऱ्यातल्या तुकड्याचे मुलाने स्वतः केलेले वर्णन. तिसरा रकाना भरताना पुस्तक बंद असावे. 'द्राक्षाच्या घडासारखे', 'मसुरासारखे' असे काही मुले लिहितील. त्यांना सांगावे, की गाठीगाठींच्या पृष्ठभागाला पुस्तकात बोट्रिऑइडल म्हणतात, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ द्राक्षाच्या घडासारखा. आणि मध्ये जाड, कडेला पातळ अशा थराला लेंटिक्युलर म्हणतात, लॅटिनमध्ये मसुरासारखा. मग हीच विहीर दिवाळीच्या सुमारास, जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये पाहावी आणि ओल किंवा पाझर कोणत्या चिंधीपाशी आहे, ते तारखेसह त्याच पानावर लिहावे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या, की शेजारी नवी बोअर घेणाऱ्याला ते पान दाखवता येईल: लाल थर किती मीटरवर आहे, आणि नळी कुठपर्यंत घालायची.